नस शस्त्रक्रिया : सुरक्षितता व गुंतागुंत

आत दबलेली उरोस्थी (छातीचे मधले हाड) कूर्चा न कापता उचलण्याची पद्धत. अमेरिकेतील नॉरफोक (व्हर्जिनिया) येथील बालशल्यविशारद डोनाल्ड नस यांनी ती १९८७ मध्ये प्रथम वापरली; तिचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. काखेखाली दोन्ही बाजूंना लहान छेद घेऊन वाकवलेली धातूची पट्टी उरोस्थीमागून सरकवतात व उलटी फिरवतात. साधारण तीन वर्षांनी ती काढतात.

छेद लहान असला तरी शस्त्रक्रिया लहान नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. पट्टीची वाट उरोस्थी आणि हृदय यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून जाते. हृदयाला इजा होणे फार विरळ, पण प्राणघातक ठरू शकते. पूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांत चिकटलेल्या ऊतींमुळे हा धोका वाढतो. म्हणूनच छातीत दुर्बीण घालून मार्ग पाहणे व उरोस्थी आधी वर उचलून धरणे या खबरदाऱ्या रूढ झाल्या. अधिक आढळणाऱ्या तक्रारी म्हणजे पट्टी सरकणे, फुप्फुसाभोवती हवा किंवा पाणी साठणे, जंतुसंसर्ग आणि निकेलची अ‍ॅलर्जी. अ‍ॅलर्जी असल्यास टायटॅनियमची पट्टी वापरतात. वेदना तीव्र असतात. बरगड्यांमधील मज्जातंतू गोठवण्याच्या तंत्राने त्या बऱ्याच कमी होतात. पट्टी काढतानाही गंभीर रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे त्या वेळीही छाती उघडण्याची तयारी ठेवावी लागते.