माउंटन बायकिंग, आयर्लंडमधील

माउंटन बायकिंग, आयर्लंडमधील : आयर्लंड बेटाच्या डोंगराळ वनप्रदेशात खास बांधलेल्या अरुंद वाटांवरून जाड टायरच्या सायकलने केली जाणारी भटकंती व शर्यत. या वाटा बहुतांशी सरकारी मालकीच्या सूचिपर्णी वनांत आहेत. त्यांच्या माथ्यावरून सरोवरे दिसतात आणि पायथ्याच्या कुरणांत उभ्या असलेल्या पडक्या गढ्याही. जंगल, पाणी आणि ढासळलेले दगडी बांधकाम एकाच फेरीत नजरेत येते. चाकाखाली मात्र सहसा जंगलच येते, आणि त्याचे कारण जमिनीच्या मालकीत आहे.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने पायी किंवा सायकलने फिरण्याचा हक्क लोकांना मिळाला. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात असा सर्वसाधारण हक्क नाही. कुरण असो की उघडा डोंगर, तिथे जाणे मालकाच्या संमतीवर अवलंबून असते. त्यामुळे या खेळाला आधार मिळाला तो ‘क्वील्चा’ या सरकारी वनकंपनीच्या जमिनीचा. १९८९ मध्ये काम सुरू केलेल्या या कंपनीकडे सुमारे ४,४०,००० हेक्टर जमीन आहे, म्हणजे देशाच्या भूभागाच्या जवळपास सात टक्के. तिच्या वनांत पायी फिरायला कोणालाही मोकळीक आहे; माउंटन बाइकला मात्र ठरवून दिलेल्या वाटांवरच परवानगी मिळते.

ही वनेही फार जुनी नाहीत. शतकानुशतकांच्या तोडीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी देशातील जेमतेम एक टक्का जमीन झाडांखाली उरली होती. १९०४ मध्ये सरकारने विकलो परगण्यातील ॲव्हनडेल ही मालमत्ता घेतली आणि तिथून सरकारी वनीकरणाचा पाया घातला गेला. आयरिश नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांचा जन्म या मालमत्तेवरील वाड्यातला. पुढे लागवडीसाठी शेतीला निरुपयोगी असलेली उंचावरची, ओली, आम्लधर्मी जमीन वापरली गेली आणि तीवर मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सिटका स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष लावला गेला. एकाच जातीच्या या दाट राईत खाली उजेड पोचत नाही, गवतझुडूप वाढत नाही, पक्षीही कमी. पर्यावरणाच्या दृष्टीने या लागवडीवर होणारी टीका रास्त आहे. तरीही सायकलस्वाराला हक्काची जागा मिळाली ती तिथेच, हेही तितकेच खरे.

गढ्या खाली का, याचे उत्तरही मातीतच सापडते. ११६९ पासून आलेल्या नॉर्मन सरदारांनी चुनखडीच्या सुपीक सखल जमिनी बळकावल्या. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत नॉर्मन वंशाच्या आणि मूळच्या आयरिश म्हणजे गेलिक अशा दोन्ही घराण्यांनी त्याच पट्ट्यांत चार-पाच मजली, जाड भिंतींच्या, मनोऱ्यासारख्या उभ्या गढ्या बांधल्या. त्यांतील असंख्य गढ्या सतराव्या शतकातील युद्धांनंतर उजाड झाल्या. आज बऱ्याच गढ्या खासगी शेतांत, आयव्हीच्या वेलींनी वेढलेल्या, गुरांच्या सोबतीने उभ्या आहेत.

हे सगळे एकत्र पाहायचे तर लिमरिक आणि कॉर्क परगण्यांच्या सीमेवरील बॅलिहाउरा टेकड्यांसारखी जागा नाही. या टेकड्या तांबूस वालुकाश्माच्या असून सीफिन हे त्यांचे सर्वोच्च शिखर ५२८ मीटर उंच आहे. आर्डपॅट्रिक गावाजवळून सुरू होणाऱ्या इथल्या वाटांची एकूण लांबी ९० किलोमीटरहून अधिक असून देशातल्या मोठ्या वाटाजाळ्यांत त्यांची गणना होते. फेऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. नवख्याने सहा-सात किलोमीटरांची सोपी फेरी मारून परतावे. कसलेल्याने पन्नासेक किलोमीटरांच्या कॅसलपुक फेरीला अख्खा दिवस द्यावा. झाडांच्या मुळांवरून, दगडी पायऱ्यांवरून, लाकडी फळ्यांच्या अरुंद पुलांवरून वाट माथ्याकडे चढते. झाडी संपते तिथे दक्षिणेला ऑबेग नदीचे हिरवे खोरे एकदम खुले होते.

फेरीला ज्या कॅसलपुक गढीचे नाव मिळाले, तिचा पडका मनोरा त्या खोऱ्यात डॉनरेल गावाच्या बाजूला आहे. जवळच्या चुनखडीच्या गुहेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड अशर यांनी केलेल्या उत्खननात मॅमथ, ठिपकेदार तरस आणि रेनडिअर यांची हाडे मिळाली. त्याच परिसरात किलकोलमनचा पडका गढीवाडा आहे. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सर १५८० मध्ये आयर्लंडला आला. डेझमंडच्या उमरावांचे बंड मोडल्यावर जप्त झालेल्या त्यांच्या जमिनींतून त्याला ही जहागीर मिळाली. ‘द फेअरी क्वीन’ या महाकाव्याचा मोठा भाग त्याने इथे राहून लिहिला. बॅलिहाउराच्या टेकड्यांना त्याने ‘मोल’ आणि ऑबेगला ‘मुल्ला’ अशी नावे देऊन आपल्या काव्यात आणले. १५९८ च्या आयरिश उठावात ही गढी जाळली गेली, तो पळाला आणि काही महिन्यांतच लंडनमध्ये मरण पावला. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत असे अवशेष नुसते रम्य म्हणून दाखवले जातात. वास्तविक ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांचा रक्तरंजित हिशेब या भिंतींत आहे. वरून उतरणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा; त्याने दृश्याची गोडी कमी होत नाही, अर्थ वाढतो.

पश्चिमेला कॉनेमारात, ऊक्टरार्ड गावाच्या पुढे डेरूरा ही सोळाएक किलोमीटरांची फेरी आहे. इथला मुलूख अधिक उघडा आणि खडकाळ. माथ्यावर एका बाजूला कॉरिब सरोवर पसरलेले दिसते, तर दुसऱ्या बाजूला ‘ट्वेल्व्ह बेन्स’ ही गारगोटीच्या खडकांची शिखरे. कॉरिब हे प्रजासत्ताकातील सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या वरच्या टोकाला एका बेटावर ‘हेन्स कॅसल’ हा मध्ययुगीन किल्ला पडक्या अवस्थेत आहे. ऊक्टरार्डजवळची ऑक्नानूरची सहा मजली गढी मात्र जतन केलेली असून लोकांना पाहता येते. ओफ्लॅहर्टी घराण्याने ती सोळाव्या शतकाच्या सुमारास बांधली. तिच्या मेजवानीच्या दिवाणखान्याखालची जमीन नदीने पोखरली आणि त्याचा बराचसा भाग कोसळला.

सायकल वर लागवडीच्या वनात आणि गढी खाली शेतात, हा नियम केरी परगण्यातील किलार्नीला लागू पडत नाही. तिथे सायकल गढीच्या दारापर्यंत जाते आणि जंगलही मूळचे आहे. १९३२ मध्ये देशाला मिळालेल्या मक्रॉस मालमत्तेतून हे आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. ओकची जुनी राने, चुनखडीवर वाढलेले यू वृक्षांचे दुर्मीळ वन, तांबडी हरणे आणि तीन सरोवरे इथे आहेत. लीन सरोवराच्या काठावरील रॉस कॅसल १६५२ मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्यापुढे शरण गेला. इथल्या वाटा जुन्या जहागिरीतल्या रुंद गाडीवाटा आहेत. थरारक उतारांची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल, पण कुटुंबासह जाणाऱ्याला याहून चांगली जागा सापडणे कठीण.

आयर्लंडमधील वाटा आखताना खरी झुंज असते ती पाण्याशी. पश्चिमेकडील डोंगरांत वर्षाला २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो वर्षभर विखुरलेला असतो. डोंगरमाथ्यावर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा व वनस्पतींचा, जाड थर पाण्याने भिजलेला असतो. त्यावरून मोजक्या सायकली गेल्या तरी चर पडतात आणि ते भरून यायला अनेक वर्षे लागतात. म्हणून वाटेखाली दगड आणि खडी घालून पाया करतात, पाणी वाटेवर साचण्याआधी बाजूला काढून देतात आणि वळणांना बाहेरून उंच बांध घालतात. सायकलस्वाराच्या दृष्टीने ओली मुळे सर्वांत धोक्याची. त्यांवर ब्रेक न दाबता, चाक शक्य तितके काटकोनात ठेवून जायचे असते. टायरमध्ये हवाही थोडी कमी ठेवतात. हवा भरलेले व्यवहार्य टायर याच बेटावर, बेलफास्टमध्ये, जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ च्या सुमारास तयार केले होते. त्यांच्या टायरवर विली ह्यूम याने १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराची चाके मागे पडली.

इतर केंद्रांपैकी लेइश व ऑफली परगण्यांतील स्लीव्ह ब्लूमच्या वाटा तुलनेने नव्या आहेत. हा डोंगर हेन हॅरियर या शिकारी पक्ष्याचे संरक्षित क्षेत्र आहे. डब्लिनकरांना टिकनॉक आणि विकलोमधील बॅलिनास्टो जवळ पडतात. विकलोमधल्याच कॅरिक डोंगरावर २०१५ मध्ये ‘एन्ड्युरो’ या, मुख्यतः उतारांची वेळ मोजणाऱ्या शर्यतप्रकाराच्या जागतिक मालिकेची फेरी झाली आणि ती डब्लिनच्या ग्रेग कॅलाहन याने घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकली. उत्तर आयर्लंडमध्ये रोस्ट्रेव्हर आणि कॅसलवेलन येथील वाटा २०१३ मध्ये खुल्या झाल्या. रोस्ट्रेव्हरच्या उतारांवरून खाली कार्लिंगफर्डची खाडी आणि पलीकडच्या काठावर बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला किंग जॉन्स कॅसल दिसतो. मधून ब्रिटन आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक या दोन देशांची सीमा जाते. कॅसलवेलनला सरोवर आहे, पण तिथला वाडा एकोणिसाव्या शतकातला आणि धडधाकट आहे.

ही वने लाकडासाठी लावलेली असल्याने झाडे तोडणीला आली की वाटा बंद होतात किंवा वळवल्या जातात. दाट राईतून जाणारी फेरी पुढच्या वर्षी उघड्या बोडक्या उतारावरून जाताना आढळू शकते. वादळांचाही फटका बसतो. २४ जानेवारी २०२५ च्या ‘एओविन’ वादळात गॉलवे किनाऱ्यावरील मेस हेड येथे ताशी १८४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. ओल्या पीटवर उथळ मुळे धरून वाढलेले स्प्रूस त्यात मोठ्या संख्येने उन्मळून पडले. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या त्या केंद्राची ताजी सूचना पाहावी आणि बंदीचा फलक असलेल्या वाटेवर सायकल घालू नये.