घर, पास आणि वेळापत्रक

फलटण आणि आसपासच्या प्लॉटच्या, फ्लॅटच्या जाहिरातींत अलीकडे एक वाक्य हमखास असते : 'पुण्याशी थेट रेल्वेने जोडलेले'. वाक्य खोटे नाही. पुण्यात नोकरी करणारा, पण पुण्यातल्या भावाने हबकलेला माणूस ते वाचतो आणि मनात हिशेब मांडतो, की तिथल्या एका खोलीच्या पैशात इथे अंगणासकट घर होईल. मुंबईच्या माणसाने डोंबिवली-बदलापूरला केले तेच आपण इथे करू, असे त्याला वाटते. हा हिशेब बरोबर आहे का, हे पाहायचे तर डोंबिवली मुळात घडली कशी हे आधी पाहावे लागते.

सर्वसाधारण समजूत अशी, की रेल्वे आली आणि उपनगरे वसली. इतिहास तसे सांगत नाही. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत गेली. तरीही त्या मार्गावरची डोंबिवली पुढची कित्येक दशके भातशेतीचे गावच होती. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि १९३० पर्यंत वीज पुण्यापर्यंत पोचली. गाड्या वेगवान झाल्या, त्यांची संख्या वाढवता येऊ लागली. पण नोकरदाराने मुंबईबाहेर घर विकत घ्यावे, याला आणखी काही गोष्टी घडाव्या लागल्या.

पहिली गोष्ट कायद्याची. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळातल्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. पण भाडे वाढणार नाही म्हटल्यावर भाड्यासाठी इमारत बांधणे परवडेना. जुन्या चाळीतली खोली पागडीशिवाय मिळेना, नवी चाळ कोणी बांधेना. नव्याने संसार मांडणाऱ्यापुढे घर विकत घेणे एवढीच वाट उरली.

विकत घ्यायचे म्हणजे काय घ्यायचे, हाही प्रश्नच होता. जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची आणि त्यातल्या दोन खोल्या तिसऱ्याच्या, ही मालकी आपल्याकडे नवी होती. गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने सहकारी गृहनिर्माण संस्था काढून एक नमुना घालून दिला होता. पण तो आधीपासून एकत्र असलेल्या ज्ञातीचा. अनोळखी माणसांनी बिल्डरकडून ब्लॉक घ्यायचा तर आधार हवा. तो १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने आणि १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने दिला. करारनामा नोंदवल्याशिवाय वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही, खरेदीदारांची संस्था स्थापायची, जमिनीचे अभिहस्तांतरण तिच्या नावे करायचे, या अटी तेव्हाच्या आहेत. त्या किती पाळल्या गेल्या, हे अभिहस्तांतरणासाठी आजही खेटे घालणाऱ्या संस्थांना विचारावे. तरी नोकरदाराच्या हाती एक कागद आला. कर्जासाठी मात्र तो बरीच वर्षे भविष्यनिर्वाह निधी, पतपेढी आणि बायकोचे दागिने यांवरच विसंबून राहिला. हसमुखभाई पारेखांची एचडीएफसी स्थापन झाली ती १९७७ मध्ये.

दुसरी गोष्ट पासाची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. उपनगरी रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका असतो. महिन्याला पन्नास फेऱ्या करणारा माणूस पंधरा फेऱ्यांचे पैसे देतो. २०१४ मध्ये हा हिशेब तीस फेऱ्यांवर नेण्याची घोषणा झाली, तेव्हा मुंबईत एवढा गदारोळ उठला, की काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. पासाची किंमत वाढणे म्हणजे लाखो घरांचा हप्ता वाढणे, हे प्रवाशांना बरोबर कळले होते. डोंबिवलीतला ब्लॉक स्वस्त होता कारण तिथली जमीन स्वस्त होती, हे अर्धेच खरे. उरलेला भार रेल्वे महिन्यामहिन्याला उचलत होती.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. सकाळी कामाच्या दिशेने आणि संध्याकाळी घराच्या दिशेने, दर काही मिनिटांनी गाडी. एक चुकली तर दुसरी. या भरवशावर माणसे पन्नास किलोमीटरवर राहायला गेली.

आमच्या भागातल्या अनेक कुटुंबांनी हा सगळा इतिहास अंगावर घेतलेला आहे. सातारा जिल्ह्यातली माणसे गिरणगावात गेली ती आधी गावकीच्या गाळ्यात, पाळीपाळीने झोपायला. जेवण खाणावळीत, संसार गावी. माझे एक चुलते असेच गेले आणि वीसेक वर्षांनी त्यांनी डोंबिवलीला ब्लॉक घेतला. तेव्हा काकू आणि मुले प्रथमच त्यांच्याजवळ राहायला गेली. त्या ब्लॉकने घरात बाप आणला, असे काकू म्हणत. पहाटेच्या गाडीला जाऊन रात्री उशिरा परतणारा का असेना, पण रोज परतणारा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, तेव्हा ज्यांच्या डोक्यावर असे छप्पर होते ते कसेबसे टिकले; बरेच जण बोचके बांधून गावी आले.

साताऱ्याच्याच माथाडी कामगारांची कहाणी थोडी वेगळी आहे. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. पुढे घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलले आणि कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची घरे उभी राहिली. इथे घर कामापासून लांब गेले नाही. काम आणि घर दोन्ही एकाच दिशेला सरकले. फलटणचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

आता पुण्याकडे वळू. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली आणि आकुर्डी, देहूरोड, तळेगाव या पट्ट्याला तिचा आधार मिळाला. दक्षिणेकडे असे काही झाले नाही. पुण्याहून सातारा-मिरजेकडे जाणारा मीटरगेज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. तो १९७१ च्या सुमारास रुंद झाला, पण त्यावर लोकल आली नाही. नाईक-निंबाळकरांचे फलटण संस्थान तर या मार्गाच्या बाजूलाच राहिले. जवळचे स्टेशन लोणंद. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. फलटणला घडवले ते नीरेच्या उजव्या कालव्याने, उसाने आणि साखरवाडीच्या कारखान्याने. हे गाव आपल्या शिवारावर जगणारे, दुसऱ्या शहराच्या पगारावर नव्हे. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव करीत इथे यायला आठवडा घेते. एसटीने आले तरी अर्धा दिवस मोडतो.

लोणंद-फलटण-बारामती मार्ग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मंजूर झाला. त्यातला लोणंद-फलटण हा सुमारे सव्वीस किलोमीटरचा तुकडा पुरा होऊन सप्टेंबर २०१९ मध्ये त्यावर गाडी आली. ३० मार्च २०२१ रोजी फलटण-पुणे डेमू सुरू झाली. गावात आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण तिचे तेव्हाचे वेळापत्रक पाहा. पहाटे सहाच्या आधी गाडी पुण्याहून निघे आणि साडेनऊच्या पुढे फलटणला पोचे. संध्याकाळी सहाला फलटणहून निघून साडेनऊच्या पुढे पुण्याला. म्हणजे पुण्यात राहून फलटणला कामाला येणाऱ्याची ती सोय होती, फलटणला राहून पुण्याला जाणाऱ्याची नव्हे. शिवाय एका बाजूला पावणेचार तास. मासिक पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो, फलटण त्या मर्यादेत बसते. पण पास असून गाडी उलट दिशेची असेल तर त्या पासाचे करायचे काय?

यात एक गंमतही आहे. सुरवडीच्या औद्योगिक वसाहतीत कमिन्ससारखा कारखाना आल्यापासून बाहेरची माणसे फलटणला कामाला येऊ लागली. तेव्हा फलटणची वाट डोंबिवलीपेक्षा कोपरखैरण्याच्या जवळची आहे. इथे काम येईल तसे घर येईल. जो इथेच नोकरी करतो, निवृत्त होऊन परततो किंवा आठवड्यातून एखाद-दोन वेळाच पुण्याला जातो, त्याला इथले घर खरोखर स्वस्त आहे. रोज पुणे गाठणाऱ्याला ते महाग पडेल, मग गुंठ्याचा भाव काहीही असो.

गुंठ्याचा विषय निघालाच आहे तर तोही इतिहास विसरू नये. शेतजमिनीचे बारीक तुकडे विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अटकाव केला. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताच येत नाही. तरी शहरांच्या कडेला गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या आणि त्यांवर घरे उभी राहिली. त्या हजारो घरांसाठी २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. सांगलीकरांना त्याची कहाणी सांगायला नको. मधली वर्षे त्या घरमालकांनी रस्त्याविना, गटाराविना, कर्जाविना काढली. २०१७ पासून महारेरा आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पाची तिथे नोंदणी लागते. जाहिरातीतल्या रेल्वेच्या वाक्याआधी बिगरशेती आदेश आणि नोंदणी क्रमांक वाचावा, तो यासाठी.

फलटणकरांनी रुळांसाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. आता मागणी वेळापत्रकाची हवी : सकाळी पुण्याकडे, संध्याकाळी फलटणकडे, आणि निम्म्या वेळात. ती पुरी होईल त्या दिवशी इथले भाव वाढतील, हेही डोंबिवलीने दाखवलेले आहे. तोवर घर पाहायला येणाऱ्या पुणेकराने प्लॉटच्या नकाशाबरोबर गाडीचे वेळापत्रकही मागून घ्यावे.