न बोलणाऱ्याच्या वेदनेचा पुरावा

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ज्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, त्याचा इतिहास लिहायचा कसा?" आज हा प्रश्न कुत्र्या-मांजरांच्या वेदनेतून बघू. विषय जरा वेगळा वाटेल, पण पुराव्याची अडचण इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

सुरुवात शेतातून करू. भिगवण, इंदापूर, बारामती हा सगळा शेतकऱ्यांचा मुलूख. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. जू ओढून घासलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. म्हणजे बैलाचा खांदा दुखतो हे माहीत होतं आणि त्यासाठी वर्षातला एक दिवसही राखून ठेवलेला होता. त्याच घरातल्या मांजरासाठी असा दिवस नाही. कारण साधं आहे. बैल लंगडला की काम थांबतं, दुखणं लगेच दिसतं. मांजर मात्र दुखायला लागलं की अडगळीत जाऊन गप्प बसतं. घरातलं काहीच अडत नाही, मग नोंद कोण घेणार?

कायद्यातही थोडंफार हेच दिसतं. १८९० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा भर निर्दय मारहाण, जास्त ओझं आणि काम करायला असमर्थ जनावराला जुंपणं यांवर होता. कुत्रं-मांजर पाळीव म्हणून त्यात बसत होतं. पण कायदा विचारत होता, "माणसाने काय केलं?" प्राण्याला काय होतंय, हा त्याचा प्रश्न नव्हता. १९६० च्या कायद्याने माणूस सोडून प्रत्येक सजीवाला 'प्राणी' म्हटलं आणि सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याचा वेगळा उल्लेख केला. तरी वेदना ओळखायची कशी, हे कायदा सांगत नाही.

विज्ञानही इथेच अडकलं होतं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेल्या व्याख्येत वेदनेचं 'वर्णन करण्याला' महत्त्वाची जागा होती. मग ज्याला वर्णनच करता येत नाही त्याचं काय? २०२० च्या सुधारित व्याख्येसोबत स्पष्ट टीप आली: बोलता येत नाही म्हणून माणसाला किंवा प्राण्याला वेदना नाही, असं ठरत नाही.

दरम्यान पशुवैद्यांनी वागणुकीलाच साक्षीला बोलावलं. कुत्र्यांसाठी ग्लासगोची वेदना-मापनपट्टी आली. तिचं छोटं रूप २००७ चं. मांजरांसाठी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून गुण देण्याची पद्धत आली: कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण. प्रत्येकाला ० ते २ गुण. १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. मात्र औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते, कारण तिचं विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते.

आता खरी मेख बघा. ग्लासगोच्या पट्टीत कुत्र्याला पट्ट्याला धरून चालवायचं असतं, जखमेच्या आसपास हलकेच दाबून बघायचं असतं. म्हणजे कुत्र्याला मालक आहे, हे त्या कागदाने आधीच गृहीत धरलंय. भिगवणच्या मासळी बाजारात फिरणारं भटकं कुत्रं हात लावू देईलच असं नाही. त्याचे काही रकाने कोरेच राहतील. वेदना मोजायला बनवलेलं साधनही कोणाची वेदना मोजता येईल, हे आधी ठरवून टाकतं.

म्हणून एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं जुनं रजिस्टर हाती आलं, तर नुसते आजार मोजू नका. जनावर कोणी आणलं, त्याचं कोणतं काम अडलं होतं आणि कोणती जनावरं त्या दारापर्यंत पोचलीच नसतील, हे आधी विचारा. रजिस्टरात मांजर सापडलं नाही, तर 'त्या काळी मांजरांना दुखत नव्हतं' असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण तो सर्रास काढतो.