उरलेली बासुंदी

परवा तळेगावहून (श्यामजी पंत) काकूचा फोन. "उरलेली बासुंदी वाट्यांत ओतून फ्रीझरमध्ये ठेवली. कुल्फीच झाली न बाप्पा!"

होणारच. आटवलेल्या दुधात पाणी कमी आणि साखर भरपूर, म्हणून बर्फाचे खडे फारसे होत नाहीत.

१८३४ साली मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, तेव्हा बर्फ अमेरिकेतून जहाजाने यायचा! १९५८ पासून गोदरेजचे फ्रीज इथेच बनू लागले. आमच्याकडे मात्र तो फार उशिरा आला. तोवर वैशाखात बासुंदी रात्रीपर्यंत टिकायची नाही, म्हणून आजी दुपारीच शेजारी वाट्या पाठवायची.

आता त्याच वाट्या फ्रीझरमध्ये असतात. काकूला म्हटलं, "दोन कुल्फ्या शेजारी दे गं." असो!