उजनीकाठचे ढोक

आमच्या आजोबांच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग असत: धरणाआधी आणि धरणानंतर. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि नदीकाठची काळी रानं, विहिरी, पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. पुनर्वसनाच्या हेलपाट्यांबद्दल आजोबा बोलत नसत. पाखरांबद्दल मात्र तासन्‌तास.

"धरणाआधी पाण्यावरचं पाखरू म्हंजी ढोकरी, बगळा न्‌ टिटवी," ते सांगायचे. ढोकरी डोहाच्या कडेला मान आखडून बसायची, मातीत माती. उडाली की एकदम पांढरीफेक. टिटवी रात्री ओरडली की आजी हातातलं काम टाकून देव्हाऱ्याकडे बघायची.

मग धरण झालं. उन्हाळ्याकडे पाणी हटू लागलं की काठाला गाळ उघडा पडतो. त्यावर गाळपेर करायला माणसं उतरायची, आणि जिथं अजून घोटाभर पाणी असेल तिथं लांब पायांची पाखरं. लालभडक काड्यांवर तोल सावरत चालणारा शेकाट्या. पाणी घुसळत जाणारा चमच्या. त्याची चोच बघितल्यावर नाव कुणी सांगावं लागत नाही. (या साऱ्यांचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं. तो गुडघा नसतोच, ती टाच. खरा गुडघा वर पिसांत दडलेला.)

भिगवणजवळ रोहित यायला लागले तेव्हा बघायला पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना अग्निपंख केलं. आजोबांनी मला विचारलं, ह्यांचं मूळ गाव कुठलं? कच्छचं रण, मी म्हणालो. तिथं पाणी साचलं की अंडी घालायला जातात.

"बरंय. त्यांना माघारी तरी जाता येतं."

आत्याचा राग वेगळाच. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर घरटी करतो त्याला आम्ही शिकलेली मंडळी चित्रबलाक म्हणतो. तिच्या लेखी तो चामढोक. मला विचाराल तर बलाक हे नाव देखणं खरं, पण ते काठावरच्या सावलीत बसून ठेवलेलं; ढोक चिखलातून आलाय. उघड्या चोचीच्या ढोकाचंही तसंच. पुस्तकात मुग्धबलाक, आणि त्याच्याच शेजारी घोंगल्या फोडा. त्याच्या मिटल्या चोचीत मधे फट राहते. पिल्लाला ती नसते, वाढत्या वयात पडते.

मी आत्याला सांगून बघितलं की तो गोगलगाय फोडत नाही, चोचीचं टोक आत सारून मांस सोडवून घेतो, कवच बहुधा शाबूत राहतं.

"फोडतोच त्यो," आत्या म्हणाली. "आमी गाळात उभं राहून बघितलंय. तू दुर्बिणीतनं."