पांगाऱ्याची पाने

सावंतवाडीच्या चित्रकलेचा इतिहास लिहिणारा राजवाड्यापासून सुरुवात करतो. मीही तशीच केली होती. संस्थानच्या आश्रयाने वाढलेली गंजिफा विसाव्या शतकात जवळजवळ थांबली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि १९७०च्या दशकात राजवाड्यातच तिचे काम पुन्हा उभे केले. चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेली गोल पाने. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण १२०. हे सारे नोंदलेले आहे.

चितार आळीत मात्र लाकडी आंबा रंगवणाऱ्या एका कारागिराने माझी दिशा बदलली. मी रंगांविषयी विचारत होतो. तो म्हणाला, "रंग खंयय गावतत. पांगारो गावणा नाय."

सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी घडली ती मुख्यतः पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडातून. इमारतीला निरुपयोगी म्हणून या झाडाला बाजारभाव नव्हता. पहिल्या पावसात फांदी रोवली की कुंपण होई. त्याच खोडावर मिरवेल नाहीतर पानवेल चढे. शेताची प्रत्येक मेर ही चिताऱ्याची वखार होती, आणि तिचा हिशेब कोणत्याही दप्तरात नव्हता.

ती वखार हळूहळू रिकामी झाली. १९९०मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फलोद्यान योजना आली, डोंगरउतारांवर काजूची कलमे लागली. दोडामार्गाकडे रबर आले. कुंपणाला तार आली. त्यातच परदेशातून एक गांधीलमाशी आली, जेमतेम दीड मिलिमीटरची. शास्त्रज्ञांनी तिला २००४मध्ये नाव दिले आणि दोन-तीन वर्षांतच केरळातील मिरीच्या बागांमधले पांगारे तिने पोखरले. ती कोवळ्या पानात अंडी घालते. पानावर गाठी येतात, ते आखडते, गळते. पुन्हापुन्हा पाने गमावलेले झाड मरते.

गंजिफा आणि लाकडी वस्तू यांना आता भौगोलिक मानांकन आहे. त्याने गावाचे नाव राखले जाईल. लाकूड राखण्याची तरतूद त्यात नाही. कलेचा आश्रयदाता म्हणून आपण राजाची नोंद केली, ती योग्यच. पण दुसरा आश्रयदाता बांधावर उभा होता. निघताना मी त्या कारागिराच्या परसात डोकावलो. विहिरीकडेला त्याने पांगाऱ्याच्या चार फांद्या रोवल्या होत्या. तिघींना पालवी होती.