कुरुंद, काचकागद आणि टेबलावरचा सँडर

घरातल्या छोट्या सुतारकामाच्या खोलीत एकच सँडर मावत असेल, तर तो कोणता घ्यावा? पट्ट्याचा, चकतीचा, की उभ्या फिरत्या रुळाचा? प्रश्न साधा वाटतो. त्याच्यामागे मात्र सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग यंत्रांच्या कारखान्यात नव्हे, तर इंग्लंडमधल्या एका कान-नाक-घसा शल्यविशारदाकडे आलेल्या रुग्णांमुळे उलगडला.

काचकागद येण्यापूर्वीही लाकूड घासले जातच होते. जपानी कारागीर 'तोकुसा' नावाच्या वनस्पतीचे खरखरीत देठ वापरत. या देठांत वाळूतलेच द्रव्य, म्हणजे सिलिका, असते. युरोपातले सुतार त्याच कुळातली वनस्पती आणि शार्कची वाळवलेली कातडी वापरत. परंतु कुशल सुताराला घासण्याची गरज मुळात कमीच पडे. धारदार रंधा लाकडाचा पृष्ठभाग कापून गुळगुळीत करतो. त्यातून निघतात त्या लांब, कुरळ्या ढलप्या. त्या हवेत तरंगत नाहीत, पायाशी पडतात. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे.

१८३३ साली लंडनमध्ये जॉन ओकी यांनी काचकागदाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील आयझॅक फिशर यांना अशाच कागदाच्या निर्मितीप्रक्रियेचे पेटंट मिळाले. कृती सोपी होती : कागदावर सरसाचा थर, त्यावर काचेचा किंवा दगडाचा चुरा, आणि वर पुन्हा सरस. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा सरस पाणी लागले की सुटतो. म्हणून घासणे कोरडेच करावे लागे, आणि कोरडे घासले की धूळ उडणारच.

एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणारी रंधायंत्रे आली. त्यांची फिरती पाती लाकडावर बारीक लाटांसारख्या खुणा सोडत आणि त्या घालवण्यासाठी घासणे अटळ झाले. हाताच्या रंध्याने जे काम संपत असे, ते आता यंत्राने अर्धवट सोडलेले काम ठरले. फर्निचरच्या कारखान्यांत घासणारे रूळ, चकत्या आणि पट्टे आले ते याच गरजेतून.

मग शोध सुरू झाला अधिक कठीण कणांचा. येथे एक भारतीय धागा आहे. माणकाच्या आणि नीलमण्याच्या जातीचे जे खनिज इंग्रजीत 'कोरंडम' म्हणून ओळखले जाते, त्याचे नाव दक्षिण भारतीय भाषांतून तिकडे गेले. संस्कृतातला 'कुरुविंद' आणि मराठीतला 'कुरुंद' हे त्याचेच भाऊबंद. भारतातले कारागीर रत्ने घासण्यासाठी हा दगड वापरत, आणि १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या कुरुंदावर निबंध मांडला. पुढे या दगडाच्या मोहात एक अमेरिकी कंपनी जवळजवळ बुडाली. १९०२ साली मिनेसोटा राज्यात पाच जणांनी कुरुंदाची खाण म्हणून जी खाण घेतली, तिच्यातून निघाला ॲनॉर्थोसाइट नावाचा, घासण्याच्या कामाला निरुपयोगी असा दगड. खाण फसली म्हणून मंडळी बाहेरून कण विकत घेऊन घासकागद बनवू लागली. तीच आजची थ्री-एम.

त्याआधी, १८९१ साली, एडवर्ड ॲचिसन कृत्रिम हिरा बनवण्याच्या खटपटीत होते. हिरा झाला नाही. भट्टीतून निघाले सिलिकॉन कार्बाइड, म्हणजेच कार्बोरंडम. पुढे स्वस्त विजेसाठी त्यांनी कारखाना नायगारा धबधब्यापाशी नेला.

धुळीचा प्रश्न थेट भिडला तो १९२१ मध्ये. फिलाडेल्फियातले शाई-उत्पादक फ्रान्सिस ओकी (लंडनच्या ओकींशी यांचा संबंध नाही, आडनावाचे उच्चार तेवढे जुळतात) यांनी पाण्यात न सुटणारा घासकागद तयार केला. थ्री-एमने त्याचे हक्क घेतले आणि ओकींनाही नोकरीत घेतले. मोटारींच्या कारखान्यांत शिसेमिश्रित रंग घासताना उडणारी विषारी धूळ आता पाण्यात बसू लागली. मोटार-कामगारांना दिलासा मिळाला. सुतारांना मात्र तो मिळू शकला नाही, कारण कोरे लाकूड ओले केले की त्याचे तंतू फुगून उभे राहतात. लाकूड कोरडेच घासावे लागले, आणि आता पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने.

१९२६ साली पोर्टर-केबल कंपनीसाठी आर्ट एमन्स यांनी हातात धरून फिरवता येणारा पट्ट्याचा सँडर बनवला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी गॅरेजांत हौशी सुतारकामाची लाट आली, आणि १९४७ मध्ये हान्स गोल्डश्मिट या जर्मनीतून आलेल्या स्थलांतरिताचे 'शॉपस्मिथ' बाजारात उतरले. करवत, लेथ, उभे ड्रिल, आडवे ड्रिल आणि चकतीचा सँडर, ही पाच कामे एकाच मोटरवर. आज 'बहुगुणी' म्हणून विकला जाणारा टेबलावरचा सँडर हा याच कल्पनेचा वारस आहे.

आणि याच काळात इंग्लंडमधले हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव एका वेगळ्या कारणाने वैद्यकाच्या इतिहासात शिरले. तेथील डॉ. एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले, की सर्वसामान्य लोकांत अत्यंत विरळ असलेला नाकाच्या आतल्या पोकळीचा एक कर्करोग त्यांच्याकडे वारंवार येत आहे आणि रुग्ण बहुतेक फर्निचर-कामगार आहेत. १९६८ साली त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. नियतीचा खेळ असा, की त्या अभ्यासाच्या पहिल्या लेखकाचे आडनावही ॲचिसनच होते : डोनाल्ड ॲचिसन, जे पुढे इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. धुळीच्या पहिल्या श्वासापासून रोगापर्यंत कित्येकदा काही दशके जात, त्यामुळे दोष कोणाच्या नजरेत भरला नव्हता. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला निःसंशय कर्करोगकारक पदार्थांच्या गटात नोंदवले.

हाय विकमचे कामगार उभे आयुष्य त्या धुळीत वावरले. रविवारी दोन तास काम करणाऱ्या हौशी सुताराचा धोका त्यांच्याइतका नाही. पण त्याची खोली लहान असते, खिडकी बंद असते आणि भिंतीपलीकडे घर असते.

या पार्श्वभूमीवर तीन आकारांकडे पाहावे. चकतीचा वेग मध्यबिंदूशी शून्य आणि कडेला सर्वाधिक असतो. लाकडाची टोके काटकोनात वा ठरलेल्या कोनात साधायला ती उत्तम, पण धूळ ती परिघावरून चहूकडे फेकते. पट्ट्याचा वेग सर्वत्र सारखा असतो आणि धूळ एका दिशेने जाते, म्हणून ती पकडणे सोपे. आतल्या वळणांसाठी, म्हणजे खुर्चीच्या पाठीच्या किंवा खेळण्याच्या खोबणीसाठी, उभा रूळच हवा. तो फिरता फिरता वरखाली होतो, त्यामुळे कागद एकाच जागी झिजत नाही आणि लाकूड करपत नाही.

घरी एकच यंत्र ठेवायचे, तर उभा पट्टा काढून त्याच जागी रूळ बसवता येणारे वरखाली हलणारे यंत्र सर्वाधिक कामे करते. चकती आणि पट्टा एकत्र असलेले यंत्र सरळ कडा आणि टोके यांसाठी अधिक नेमके, पण आतल्या वळणापुढे हतबल. टेबलाच्या पृष्ठभागासारखी मोठी फळी यांपैकी कशावरच नीट होत नाही. ते काम अजूनही रंध्याचे किंवा हातातल्या सँडरचे आहे.

जाहिरातीत मोटरची अश्वशक्ती ठळक छापतात. दुकानात यंत्र उलटे करून पाहावे ते धूळ बाहेर नेणारे तोंड : ते पट्ट्याच्या आणि रुळाच्या अगदी जवळ आहे का, पट्टा काढून रूळ लावल्यावरही उपयोगी पडते का, आणि घरातल्या व्हॅक्यूमची नळी त्याला घट्ट बसते का. सोबत मिळणारी कापडी पिशवी भुसा अडवते. हाय विकमच्या कामगारांच्या नाकात बसली ती बारीक धूळ तिच्या विणीतून पुन्हा खोलीत येते.